कमरेचे पिस्तूल

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग होता. किर्लोस्कर मंडळींचे नाटक, बालगंधर्वांची भूमिका आणि नाशिक सोडून निघालेल्या कलेक्टर जॅक्सनला निरोप, असा तिहेरी योग होता. जॅक्सन नाट्यगृहात शिरला आणि विशीही न गाठलेल्या अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी त्याच्यावर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना फाशी झाली. पंचवटीतून अहिल्याबाई होळकर पूल ओलांडून जुन्या नाशकात शिरले की ही हकीकत सांगणारी माणसे आजही भेटतात. क्रांतिकारकांची अभिनव भारत संघटना, बाबाराव सावरकरांना झालेली जन्मठेप आणि तिचा सूड हा सगळा धागा त्यांना पाठ असतो. एका गोष्टीबद्दल मात्र कुणी फारसे बोलत नाही. ती म्हणजे ते पिस्तूल.

खटल्यात त्याचे नाव आले ते ‘ब्राउनिंग’ असे. विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून पाठवलेली वीस ब्राउनिंग पिस्तुले इंडिया हाउसमधला आचारी चतुर्भुज अमीन याच्या पेटीतून, खोट्या तळाखाली दडवून, १९०९ च्या सुरुवातीला मुंबईत उतरली होती. वीस पिस्तुले आणि त्यांची काडतुसे एका प्रवासी पेटीच्या तळाशी मावतात, या गोष्टीकडे शस्त्रांच्या जाणकाराचे लक्ष आधी जाते. दहा-पंधरा वर्षे आधी ते इतके सोपे नव्हते. तेव्हाचे हातशस्त्र म्हणजे रिव्हॉल्वर. मध्ये फुगीर सिलिंडर, बाहेर आलेला घोडा, खिशात घातले की कोट एका बाजूला ओढला जाई. चपटे, खिशात न दिसणारे, चाप ओढला की पुढची गोळी आपोआप नळीत येणारे पिस्तूल ही त्या काळची अगदी ताजी चीज होती. ती ज्याच्या डोक्यातून निघाली तो माणूस अमेरिकेतल्या युटा प्रांतातल्या ऑग्डेन गावचा, बंदुका दुरुस्त करणाऱ्या बापाचा मुलगा होता.

जॉन मोझेस ब्राउनिंग १८५५ साली जन्मला. १८९७ मध्ये बेल्जियमच्या फाब्रिक नॅशनाल या कंपनीशी त्याचा करार झाला आणि त्यातून जे खिशातले पिस्तूल बाजारात आले ते १९०० चे मॉडेल म्हणून ओळखले जाते. त्या वर्षांत युरोपातल्या दुकानात ब्राउनिंग मागितले की दुकानदार बहुधा हेच पुढे करी. लांबी सोळा-सतरा सेंटिमीटर, वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, मुठीतल्या मॅगझिनमध्ये सात काडतुसे. आजच्या बहुतेक पिस्तुलांत स्प्रिंग नळीच्या खाली किंवा तिच्याभोवती असते. यात ती नळीच्या वर होती. गोळीच्या धक्क्याने मागे गेलेली स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पुढे आणणे आणि फायरिंग पिनला जोर देणे, दोन्ही कामे तीच एक स्प्रिंग करी. सुटे भाग कमी, म्हणून बिघाडही कमी. डाव्या बाजूला सेफ्टीची पट्टी होती आणि तिच्यापाशी फ्रेंचमध्ये ‘सुरक्षित’ आणि ‘गोळी’ अशा खुणा कोरलेल्या असत. याचे सुमारे सात लाख नग तयार झाले.

या एका मॉडेलने त्या दशकाच्या इतिहासात जितक्या ठिकाणी हजेरी लावली तितकी क्वचितच एखाद्या यंत्राने लावली असेल. जून १९०४ मध्ये हेलसिंकीत ऑइगेन शाउमान याने रशियन गव्हर्नर-जनरल बोब्रिकोव्हला मारले ते यानेच. २६ ऑक्टोबर १९०९ रोजी, म्हणजे नाशिकच्या घटनेच्या दोनच महिने आधी, हार्बिन स्टेशनवर कोरियाच्या आन जुंग-गुन यांनी जपानी मुत्सद्दी इतो हिरोबुमीवर झाडलेल्या गोळ्याही याच मॉडेलच्या. फिनलंड, कोरिया आणि महाराष्ट्र यांची एकमेकांशी ओळख नव्हती. पण परक्या सत्तेचा अधिकारी जिथे गर्दीत सहज वावरतो तिथे लपवता येणाऱ्या शस्त्राला काय किंमत येते, हे तिन्ही ठिकाणी ब्राउनिंगच्याच पिस्तुलाने दाखवून दिले.

१ जुलै १९०९ रोजी लंडनमध्ये ब्रिटिश अधिकारी कर्झन वायलीला मारणाऱ्या मदनलाल धिंग्रांच्या खटल्यात एक साक्ष अशी निघाली की ते टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या नेमबाजीच्या गाळ्यात कित्येक आठवडे स्वतःचे कोल्ट पिस्तूल घेऊन सरावाला येत. अंतर अठरा फूट. घटनेच्या दिवशी संध्याकाळीही ते तिथे सराव करून गेले होते. रोज जवळ बाळगायच्या पिस्तुलाबद्दल जगभरातल्या हौशी आणि जाणकार लोकांत आज जेवढे वाद आहेत, त्यातला सगळ्यात मोठा प्रश्न या एका साक्षीत आहे: पिस्तूल किती चांगले याला महत्त्व, की ज्याच्या हातात ते आहे त्याने ते किती वेळा झाडले आहे याला?

हा वाद सर्वांत जोरात चालतो तो अमेरिकेत, आणि तोही बहुतेक वेळा ब्राउनिंगच्याच दुसऱ्या एका पिस्तुलाभोवती. २९ मार्च १९११ रोजी अमेरिकी सैन्याने त्याचे .४५ बोअरचे पिस्तूल स्वीकारले. निवड होण्याआधीच्या चाचणीत सहा हजार गोळ्या झाडल्या गेल्या. पिस्तूल फार तापले की पाण्यात बुडवून पुढे चालू करत, आणि ते अडले नाही. या ‘१९११’ने सत्तरहून अधिक वर्षे सैन्यात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर ते हौशी लोकांच्या हाती लागले. त्यातून कस्टम पिस्तुलाचा, म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाताप्रमाणे आणि आवडीप्रमाणे घडवलेल्या पिस्तुलाचा, एक अख्खा धंदा उभा राहिला. १९७६ मध्ये नेमबाजीचे प्रशिक्षक जेफ कूपर यांच्या पुढाकाराने व्यवहारी नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली, स्पर्धांसाठी अचूक आणि हलक्या चापाची पिस्तुले हवी झाली. १९७७ मध्ये बिल विल्सन यांनी आर्कान्सातल्या बेरीव्हिल गावात अशा पिस्तुलांचे दुकान टाकले. त्याच गावात २००४ पासून नाइटहॉक कस्टम ही कंपनी आहे. तिथे एक पिस्तूल पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच कारागीर जुळवतो आणि त्यावर आपली आद्याक्षरे उमटवतो.

जुळवणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासारखे आहे. कारखान्यातून निघालेल्या पिस्तुलात स्लाइड आणि सांगाडा यांच्यामध्ये थोडी फट ठेवलेली असते, कारण धूळ, चिखल, जळलेल्या दारूची काजळी आत गेली तरी ते हलत राहिले पाहिजे. कस्टम कारागीर ही फट घासून आणि बसवून जवळजवळ नाहीशी करतो. नळी दर वेळी तंतोतंत त्याच जागी येऊन बसते आणि पंचवीस यार्डांवरून झाडलेल्या गोळ्या एकमेकींना खेटून लागतात. चाप ओढायला लागणारा जोर सैनिकी पिस्तुलापेक्षा कमी केला जातो आणि चाप एकदम, तुटल्यासारखा सुटेल असा बसवला जातो. मागची शेपटी लांब करतात, म्हणजे मागे येणारा घोडा अंगठ्याखालचे मांस चिमटत नाही. आणि रोज बाळगणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे सगळ्या धारदार कडा गोल करणे. सदऱ्याच्या आत, त्वचेला लागून दिवसभर राहणाऱ्या वस्तूला एकही टोचणारा कोपरा असता कामा नये. अशा पिस्तुलाला तीन ते पाच हजार डॉलर, कधी त्याहूनही जास्त पडतात.

त्यावर हौशी लोक काय म्हणतात? एक पक्ष सांगतो की ज्याच्यावर जीव टांगायचा ते यंत्र हातानेच जुळवलेले हवे, पैसे वाचवायची ती जागा नव्हे. दुसऱ्या पक्षाचा भर उलट दिशेला आहे. इतके घट्ट जुळवलेले पिस्तूल पहिल्या काहीशे गोळ्या नीट झाडल्याशिवाय विश्वासाचे होत नाही, नव्या काडतुसाशी त्याचे नेहमी पटतेच असे नाही, आणि नळी लहान करून खिशात मावेल असे केले की अडचण वाढते, कारण लांब पिस्तुलासाठी आखलेल्या स्प्रिंगचे आणि स्लाइडचे गणित आखूड मापात बिघडते. त्यांच्या मते सहाशे डॉलरचे ग्लॉक पुरे. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने घेतलेल्या ग्लॉक-१७ चा सांगाडा प्लास्टिकचा, बोटाने फिरवायची सेफ्टी नाही, शोभेचा तर प्रश्नच नाही. पण प्रत्येक नग दुसऱ्यासारखा चालतो.

माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे, आणि त्याचे कारण पैसा नाही. कारागिरीची मला मनापासून कदर आहे. चांगल्या कारागिराने घासलेल्या स्लाइडवरून बोट फिरवले की शंभर वर्षांचे हाताचे शहाणपण कळते. पण रोज कमरेला लावायच्या शस्त्राची पारख चौकोनी कागदावरच्या भोकांनी होत नाही. घामाने भिजलेल्या, आठवडाभर न पुसलेल्या, गाडीत बसता-उठता धक्के खाल्लेल्या अवस्थेत ते चालले पाहिजे, आणि त्याहून महत्त्वाचे, जेव्हा चालवायचे नाही तेव्हा चालता कामा नये. हलका चाप स्पर्धेत गुण मिळवून देतो. घाबरलेल्या माणसाच्या थरथरत्या बोटाखाली तोच चाप नको तेव्हा सुटतो. अमेरिकेतले जुने प्रशिक्षक आणि वकीलही हाच इशारा देतात: हलका केलेला चाप उद्या न्यायालयात तुमच्या बेफिकिरीचा पुरावा म्हणून मांडला जाईल.

बोअरचा, म्हणजे नळीच्या व्यासाचा, वादही असाच जुना आहे. जाड, सावकाश .४५ की बारीक, वेगवान ९ मिलिमीटर? .४५ ची गोळी जवळजवळ पंधरा ग्रॅमची, सेकंदाला अडीचशे मीटरच्या थोड्या वर जाते. ९ मिलिमीटरची साडेसात-आठ ग्रॅमची, सेकंदाला साडेतीनशेच्या घरात. ऊर्जा दोन्हींची साधारण सारखीच, पाचशे जूलच्या आसपास. एप्रिल १९८६ मध्ये मायामीत एफबीआयचे दोन अधिकारी चकमकीत मारले गेले तेव्हा दोष ९ मिलिमीटरच्या गोळीवर गेला आणि त्या संस्थेने आधी १० मिलिमीटर, मग .४० कडे धाव घेतली. २०१४ मध्ये तिच्याच प्रशिक्षण विभागाने ९ मिलिमीटरकडे परतण्याची कारणे लिहून काढली. सुधारलेल्या गोळीमुळे जखमेतला फरक उरला नव्हता, आणि कमी धक्क्यामुळे माणसे लवकर आणि अचूक नेम साधत होती. म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी उत्तर पुन्हा हातावर आणि सरावावर येऊन थांबले.

आता हा वाद उचलून पंचवटीत आणा. आग्रा रोडवरचा हॉटेलवाला, द्राक्षांच्या व्यवहारात रोकड हाताळणारा व्यापारी, जमिनीच्या भांडणात धमक्या आलेला बिल्डर, निवृत्त फौजी. यांच्यापैकी कुणाकडे परवान्याचे शस्त्र असेल तर वरच्या वादातला निम्मा भाग त्याच्यासाठी कायद्यानेच मिटवला आहे. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे नियम सैन्य-पोलिसांची काडतुसे घेणाऱ्या हातशस्त्रांना प्रतिबंधित बोअरमध्ये टाकतात. ९ मिलिमीटरचे सैनिकी काडतूस त्यात येते, म्हणून ग्लॉक किंवा ब्राउनिंग हाय-पॉवर साध्या नागरिकाला मिळत नाही. प्रतिबंधित बोअरचे शस्त्र बेकायदा बाळगले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची शिक्षा आहे, जास्तीत जास्त चौदा. उरते ते मुख्यतः .३२. पिस्तुलात .३२ म्हणजे ७.६५ मिलिमीटर, आणि हे तेच काडतूस आहे जे ब्राउनिंगने १९०० च्या मॉडेलसाठी आखले होते.

ज्या काडतुसाभोवती जगातले पहिले लोकप्रिय खिशातले पिस्तूल बनले, त्याच काडतुसाचे पिस्तूल नाशिकचा परवानाधारक आजही कमरेला लावतो. त्याची गोळी साडेचार ग्रॅमच्या थोडी वर, ऊर्जा पावणेदोनशे जूलच्या आसपास, ९ मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी. ब्रिटिशांनी १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केले. स्वतंत्र भारताने तो कायदा बदलला, पण जास्त ताकदीचे हातशस्त्र नागरिकाच्या हाती द्यायचे नाही हे धोरण राखले. मला हे धोरण मूलतः बरोबर वाटते. ज्या शहरात सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडाभोवती खांद्याला खांदा लागतो, तिथे भिंत भेदणारी गोळी कुणाच्या कमरेला असावी असे मला वाटत नाही.

भारतात पिस्तूल घ्यायचे तर पर्याय मोजके. एक म्हणजे सरकारी कारखान्याचे ‘अशनी’ हे .३२ चे निमस्वयंचलित पिस्तूल. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीची .३२ ची रिव्हॉल्वरे जुनी आणि सर्वदूर दिसणारी. २०१४ मध्ये कानपूरमध्येच टायटॅनियमच्या मिश्रधातूचे ‘निर्भीक’ आले, हलके, स्त्रियांच्या पर्समध्ये मावेल असे सांगून विकले गेलेले. २०२३ मध्ये ‘प्रबल’ आले, त्याचे सिलिंडर बाजूला उघडते. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. शस्त्रे कानपूरच्या कंपनीकडे गेली, दारूगोळा पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे. नागरी .३२ काडतुसांवरची ‘के एफ’ ही खूण खडकीच्या कारखान्याची, आणि तो कारखाना १८६९ पासूनचा आहे. वेब्ली अँड स्कॉट या ब्रिटिश नावाची .३२ रिव्हॉल्वरे आता उत्तर प्रदेशातही बनतात.

आणि मग ‘इंपोर्टेड’. परवानाधारकांच्या गप्पांत हा शब्द आला की आवाज बदलतो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतर खासगी नागरिकांसाठी हातशस्त्रांची आयात बंद झाली. त्यामुळे त्याआधी देशात आलेली वॉल्थर पीपी आणि पीपीके, कोल्ट १९०३, झेक सीझेड-७०, स्पॅनिश लामा आणि अस्त्रा ही .३२ ची पिस्तुले एकाकडून दुसऱ्याकडे, वडिलांकडून मुलाकडे, परवान्याच्या नोंदीसकट फिरत राहतात. नवे येत नाही म्हणून जुन्याची किंमत लाखांत जाते. परदेशात पन्नास वर्षांपूर्वीचे साधे पोलिसी पिस्तूल म्हणून जे कपाटात पडले असते, ते इथे दुर्मीळ ठेवा ठरते. आपल्याकडचा हौशी माणूस कस्टम पिस्तूल घडवून घेऊ शकत नाही. परवान्याशिवाय शस्त्र बनवणे, बदलणे, एवढेच काय दुरुस्त करणेही अधिनियमाच्या पाचव्या कलमाखाली येते, आणि नळी आखूड करण्याला सहावे कलम आडवे येते. म्हणून त्याची निवड करण्याची सगळी हौस या जुन्या नगांत उतरते. कुणाला पीपीकेची मूठ आवडते, कुणी सांगतो की कोल्टचा घोडा आत झाकलेला असल्याने कापडात अडकत नाही.

हात लावता येतो तो दोनच गोष्टींना: मुठीच्या बाजूच्या पट्ट्या आणि होल्स्टर. पण त्या दोन्ही क्षुल्लक नाहीत. कमरेला घट्ट बसणारे, चाप पूर्ण झाकणारे, एका हाताने सोडवता येणारे चामड्याचे होल्स्टर शिवून घेतलेला माणूस मला त्याहून महागडे पिस्तूल पिशवीत टाकून फिरणाऱ्यापेक्षा कितीतरी शहाणा वाटतो. पिस्तूल पडून किंवा काढता-ठेवताना गोळी सुटण्याच्या अपघातांत चापाला काहीतरी लागलेले असते. झाकलेला चाप हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

रिव्हॉल्वर की पिस्तूल, यावरही आपल्याकडची मते ऐकण्यासारखी. जुने लोक रिव्हॉल्वरच्या बाजूचे. ते वर्षभर कपाटात पडून राहिले तरी मॅगझिनची स्प्रिंग मऊ पडण्याची भीती नाही, काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढला की पुढचे येते, आणि भरलेले आहे की रिकामे हे सिलिंडर उघडताच डोळ्यांना दिसते. पिस्तुलाच्या बाजूचे म्हणतात की ते चपटे आहे, सदऱ्याखाली दिसत नाही, आठ गोळ्या बसतात. पिस्तूल रिकामे आहे असे समजून होणारे अपघात मात्र याच कारणाने होतात: मॅगझिन काढले तरी नळीत एक काडतूस उरलेले असते. ज्याला हे वाक्य झोपेतून उठवले तरी आठवणार नाही त्याने रिव्हॉल्वरच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायदेशीर वाटेने कस्टम पिस्तूल मिळत नाही, तेव्हा बेकायदा वाटेने त्याची एक वाईट नक्कल मिळते. महाराष्ट्राच्या सीमेला लागून, जळगावच्या चोपडा तालुक्याच्या पलीकडे मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातले उमर्टी हे नाव पोलिसांच्या कारवायांत वर्षानुवर्षे येत आले आहे. तिथल्या भट्ट्यांत हाताने घडवलेली, परदेशी नावांचे ठसे मारलेली देशी पिस्तुले पुण्या-नाशकापर्यंत पोहोचतात. हातोडी आणि कानशीच्या जोरावर निमस्वयंचलित पिस्तूल उभे करणे ही हाताची कमाई खरी, आणि पिढ्यान्पिढ्या हत्यारे घडवणाऱ्या त्या लोकांना दुसरा सन्मानाचा रोजगार न मिळणे हे आपल्या व्यवस्थेचे अपयश आहे. पण नळीचे पोलाद कोणते, ते किती दाब सोसते, याची चाचणी झालेली नसते. कायदेशीर शस्त्राला विक्रीआधी जास्त दाबाचे काडतूस झाडून पारखतात आणि तसा ठसा उमटवतात. गावठी पिस्तुलाची पहिली चाचणी ते झाडणाऱ्याच्या हातात होते.

महाराष्ट्रात खरोखर हाताच्या मापाने घडवलेले पिस्तूल पाहायचे असेल तर नेमबाजीच्या रेंजवर जावे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. या प्रकारात वापरतात ते .२२ चे निमस्वयंचलित पिस्तूल, पाच गोळ्यांचे. त्याची अक्रोडाच्या लाकडाची मूठ खेळाडूच्या पंजानुसार कोरलेली, घासलेली, कुठे लांबी भरून वाढवलेली असते. दुसऱ्याच्या हातात ती बसतच नाही. नियम मात्र कडक. पिस्तूल ३० बाय १५ बाय ५ सेंटिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे, वजन १,४०० ग्रॅमच्या आत हवे, आणि मुठीचा कोणताही भाग मनगटाला आधार देता कामा नये. चापाचा जोर किमान १,००० ग्रॅम. तपासणीच्या टेबलावर पिस्तूल उभे धरून चापाने वजन उचलून दाखवावे लागते. वजन उचलण्याआधी चाप सुटला तर ते पिस्तूल स्पर्धेत उतरत नाही.

कस्टम म्हणजे हलके आणि चपळ, ही समजूत या टेबलावर मोडते. इथे प्रत्येक बदलाला मर्यादा आहे आणि ती पारखणारा माणूस समोर बसलेला आहे. खेळाडूचा हात रोजच्या शेकडो गोळ्यांनी तयार झालेला असतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींत कांस्यपदक मिळवणारा राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसाळे नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. रायफल वेगळी, पिस्तूल वेगळे, पण सरावाची शिस्त एकच.

परवान्याच्या शस्त्राला हे काहीच लागू नाही, आणि मला खटकते ते इथे. २०१६ च्या नियमांनी नवा परवाना मागणाऱ्याला शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र आवश्यक केले, हे उत्तम झाले. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली, लग्नात-मिरवणुकीत हर्षोल्हासाने गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला, तेही योग्य. पण त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली. या पाच वर्षांत त्या माणसाने एकही गोळी झाडली नसेल तरी नूतनीकरणाला अडचण येत नाही. पोलीस पडताळणी होते, कागद तपासले जातात, शस्त्राचा क्रमांक नोंदीशी जुळवला जातो. हाताची तपासणी होत नाही. परवान्यावर काडतुसांची संख्या बांधून दिलेली असते, म्हणून लोक गोळ्या जपून ठेवतात, आणि जपलेल्या गोळ्यांनी सराव होत नाही.

भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे खासगी बचावाचा हक्क देतात, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा देत नाहीत. ती गरज किती, हे अंधारात, दोन-तीन सेकंदांत, त्या एकट्या माणसाला ठरवायचे असते. तिथे पीपीकेची मूठ किंवा अशनीचा ठसा कामाला येत नाही. नाशिकमध्ये रेंज आहेत, प्रशिक्षक आहेत, ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेली परंपरा आहे. पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेने नूतनीकरणाच्या अर्जासोबत वर्षभरातल्या एका सरावाचा दाखला मागावा, त्या सरावाची काडतुसे परवान्यावरच्या संख्येत मोजू नयेत, आणि रेंजवर आधी चापाला वजन लावून, मग सुरक्षितपणे भरणे-रिकामे करणे पाहून, मगच पाच गोळ्या झाडायला द्याव्यात. ज्याला हे जमणार नाही त्याचे शस्त्र पुढच्या वर्षी तो शिकून येईपर्यंत पोलीस ठाण्यात जमा राहू द्यावे.